माणूस डोंगरावर, दाखला घाटाखाली

दरवर्षी ३ डिसेंबर आला की जिल्ह्याजिल्ह्याच्या ठिकाणी मंडप उभा राहतो. व्यासपीठावर लोकप्रतिनिधी आणि अधिकारी, समोर ओळीने मांडलेल्या तीनचाकी सायकली, कुबड्या, श्रवणयंत्रांची खोकी, आणि कोपऱ्यात छायाचित्रकार. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९२ साली जाहीर केलेला हा जागतिक दिव्यांग दिन आपल्या शासनयंत्रणेने मोठ्या निष्ठेने पाळला आहे. हारतुरे होतात, भाषणे होतात, साहित्याचे वाटप होते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत छायाचित्रे झळकतात. मंडपात जे आले त्यांच्या पदरात काही ना काही पडते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो मंडपापर्यंत जे आलेच नाहीत त्यांचा. ज्याला चालता येत नाही, ज्याला दिसत नाही, ज्याला एकट्याने घराबाहेर सोडता येत नाही, त्याने आधी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे आणि मग आपली अडचण काय ते सिद्ध करावे, अशी व्यवस्था ज्यांनी आखली त्यांनी सातपुड्याचा नकाशा बहुधा कधी उलगडून पाहिला नसावा.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेनुसार त्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. राज्यात एवढे प्रमाण असलेला दुसरा जिल्हा नाही. जानेवारी २०१८मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबारचे नाव त्या यादीत आले. जिल्ह्याचा उत्तरेकडचा डोंगराळ भाग म्हणजे धडगाव, अर्थात अक्राणी, आणि अक्कलकुवा हे तालुके. भिल्ल आणि पावरा वनवासींची येथील वस्ती मैदानी गावांसारखी दाटीने बसलेली नाही. एका गावाचे अनेक पाडे, आणि पाड्यातही एक घर या टेकडीच्या सोंडेवर तर दुसरे समोरच्या उतारावर, ज्याचे त्याच्या शेतालगत. सरदार सरोवराचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरल्यापासून काठावरच्या कित्येक पाड्यांचा रस्ता म्हणजे होडी. रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावरून नेल्याच्या बातम्या येथून वर्षानुवर्षे येत आल्या आहेत. सप्टेंबर २०२१मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद झाला, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन एक पती पायी निघाला आणि उपचार मिळण्याआधीच तिचा मृत्यू झाला. त्या छायाचित्राने महाराष्ट्र चार दिवस हळहळला. ज्यांना पावसाळ्यातच काय, उभ्या जन्मात तो घाट स्वतःच्या पायांनी उतरता येणार नाही, त्यांचे छायाचित्र मात्र कोणी काढले नाही.

वास्तविक कायद्याच्या बाजूने पाहिले तर या देशात दिव्यांगांसाठी काही कमी केलेले नाही. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. डिसेंबर २०१६मध्ये संसदेने संमत केलेल्या आणि १९ एप्रिल २०१७पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ते एकवीस केले. शासकीय नोकऱ्यांतील आरक्षण तीनवरून चार टक्के झाले. सहा ते अठरा वर्षे वयाच्या, चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार मिळाला. सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी रक्कम इतरांना मिळणाऱ्या रकमेपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावी, असे कलम २४ सांगते. कलम २५ तर आणखी पुढे जाते. विशेषतः ग्रामीण भागात, घराच्या परिसरातच मोफत आरोग्यसेवा द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मेख आहे ती दोन कलमे ओलांडल्यावर. पुनर्वसनाच्या सेवा शासनाने आपल्या 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' द्याव्यात, असे कलम २७ म्हणते. ही एवढीशी पळवाट पुरेशी आहे. कुवत किती, हे ठरविणारा वित्त विभाग मुंबईत बसतो.

आणि जे दिले आहे ते तरी पोहोचते का? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीने २०१८ साली देशभरातील दिव्यांगांची पाहणी केली. त्यांतील केवळ २८.८ टक्के लोकांजवळ अपंगत्वाचे प्रमाणपत्र होते. शासनाकडून कोणत्याही स्वरूपाचे साहाय्य मिळाल्याचे २१.८ टक्के लोकांनी सांगितले. म्हणजे दहांतील सात दिव्यांग शासनाच्या दफ्तरी दिव्यांगच नव्हते. ही सरासरी मुंबई, पुणे, बंगळुरू धरून काढलेली आहे. धडगावच्या पाड्यांवर ती किती खाली जात असेल, याचा अंदाज करायला संख्याशास्त्र लागत नाही. २०११नंतरची जनगणना लांबत लांबत २०२७वर गेली, त्यामुळे शासन आजही २ कोटी ६८ लाख हाच आकडा घेऊन नियोजन करते. लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व असल्याचे सांगते. व्याख्येतील फरक मान्य केला तरी एवढी तफावत फक्त व्याख्येची नसते. ज्याच्यापर्यंत कोणी गेलेच नाही, तो मोजलाही जात नाही.

प्रमाणपत्र हे या साऱ्या व्यवस्थेचे प्रवेशद्वार आहे, म्हणून तेथेच थोडे थांबून पाहिले पाहिजे. निवृत्तिवेतन असो, बसची सवलत असो, शाळेतील सुविधा असो की कुबडी असो, आधी दाखला. तो देणारे वैद्यकीय मंडळ साधारणपणे मोठ्या शासकीय रुग्णालयात बसते, कारण अस्थिरोग, नेत्ररोग, कान-नाक-घसा आणि मानसोपचार या विषयांचे तज्ज्ञ तेथेच असतात. बहिरेपणाची तपासणी यंत्रावाचून होत नाही आणि यंत्र चालविणारा माणूस तालुक्याला नसतो. तेव्हा पाड्यावरील कुटुंबाने काय करावे? मुलाला पाठीवर घेऊन गाडीरस्ता गाठावा, खासगी जीपने घाट उतरावा, सोबत दोघांची मजुरी बुडवावी, आणि त्या दिवशी तज्ज्ञ रजेवर असले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा यावे. आधी कागदी दाखले होते. मग राज्याची संगणकीय पद्धत आली. १ जून २०२१पासून केंद्राच्या संकेतस्थळावरूनच, युडीआयडी कार्डासह, दाखला देणे बंधनकारक झाले. प्रत्येक वेळी जुना कागद नव्यात बदलून घ्यायला पुन्हा तोच घाट. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला निघून गेलेले कुटुंब परत येईपर्यंत मोबाइलवर आलेला संदेश केव्हाच शिळा झालेला असतो. मोबाइल असला आणि त्याला डोंगरावर रेंज असली तर.

यात ऑक्टोबर २०२४मध्ये नव्या नियमांची भर पडली. दाखला देण्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्याला असलेली एक महिन्याची मुदत तीन महिन्यांची करण्यात आली. आधारचा पुरावा आवश्यक झाला. अर्ज दोन वर्षे निकालाविना पडून राहिला तर तो निष्क्रिय समजावा आणि अर्जदाराने नव्याने सुरुवात करावी, अशीही तरतूद झाली. शेवटच्या तरतुदीतील न्याय विलक्षण आहे! दोन वर्षे निर्णय न घेणारा अधिकारी सुटतो, खेप पुन्हा अर्जदाराला. आधारच्या बाबतीत तर नियतीची थट्टाच म्हणावी. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिला गेला. ज्या जिल्ह्यातून ही योजना देशाला दाखविली गेली, त्याच जिल्ह्यातील ज्याची बोटे कुष्ठरोगाने झिजली आहेत किंवा ज्याचे हात जन्मतःच वाकडे आहेत त्याच्यापुढे आज पहिला प्रश्न असतो तो ठशांचा. बोटे नसतील तर डोळ्यांच्या बाहुलीवरून, तेही शक्य नसेल तर अपवाद म्हणून नोंदणी करावी, अशी सोय नियमांत आहे. ती नोंदणी केंद्रावरील ऑपरेटरला ठाऊक असते का, हा भाग वेगळा.

कडक नियमांचे समर्थन करणारे बोगस प्रमाणपत्रांकडे बोट दाखवितात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. २०२४मध्ये महाराष्ट्रातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून देशभर गदारोळ झाला. सवलतींसाठी अपंग होणाऱ्या धडधाकट माणसांची उदाहरणे त्याआधीही राज्याने पाहिली आहेत. परंतु अशी प्रकरणे कोठे घडतात? जेथे रुग्णालये जवळ आहेत, ओळखी आहेत, वकील आहेत, संगणक आहेत. दाखल्याचा गैरवापर करण्यासाठीसुद्धा आधी दाखल्यापर्यंत पोहोचावे लागते. शहरातील लबाडीचा बंदोबस्त म्हणून जी कुंपणे घातली जातात ती लबाडाला अडवत नाहीत. त्याला फाटकाची जागा ठाऊक असते. अडतो तो पाड्यावरचा आंधळा म्हातारा.

बौद्धिक अपंगत्वाच्या बाबतीत अंतर केवळ किलोमीटरचे राहत नाही. केंद्राने अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार मुलाची बुद्धी आणि त्याची सामाजिक परिपक्वता चाचण्यांनी मोजून टक्केवारी ठरवायची असते. आपल्याकडे अनेक दशके वापरात असलेली बिने-कामत चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३४च्या सुमारास मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली. सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मापनपट्टीचे भारतीय रूप नागपुरात डॉ. मालिन यांनी घडविले. दोन्ही कामे आपापल्या काळी मोलाची होती, आणि मराठी माणसाने त्यांचा अभिमान बाळगावा. पण घड्याळातील वेळ सांगणे, टेलिफोन करणे, लहानसे पत्र लिहिणे असली कौशल्ये ज्या पट्टीत आहेत ती पावरी बोलणाऱ्या मुलापुढे ठेवून काय मोजले जाते? सहा वर्षांची पावरा मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शेळ्या राखते, ओढ्याचे पाणी केव्हा चढेल ते ओळखते, रानातील कोणते कंद खाण्याजोगे ते सांगते. पट्टीवर याला गुण नाहीत. दुसरीकडे, जो मुलगा खरोखर मतिमंद आहे त्याचे मंदपण 'मराठी कळत नाही' या शेऱ्याखाली झाकून जाते आणि आश्रमशाळेत तो शेवटच्या बाकावर वर्षानुवर्षे बसून राहतो. मुलाची भाषा ज्याला येते असा माणूस चाचणीच्या खोलीत हजर असलाच पाहिजे, एवढा साधा नियमही अद्याप कोणाला सुचलेला नाही.

सिकलसेलची कथा याहून बोलकी आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात. पुढे खुब्याचा सांधा, मूत्रपिंड, मेंदू यांना इजा पोहोचते. भारतात हा आजार निलगिरीतील वनवासींमध्ये १९५२ साली नोंदविला गेला. महाराष्ट्रात भिल्ल, पावरा, गोंड, माडिया, कोरकू अशा अनेक जमातींत तो आढळतो. त्याला अपंगत्व म्हणून मान्यता मिळायला २०१६ साल उजाडले. चौसष्ट वर्षे! १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून पंतप्रधानांनी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आणि २०४७पर्यंतचे उद्दिष्ट ठेवले, हे निःसंशय मोठे पाऊल. पण त्याच २०१६च्या कायद्याचे कलम ३४ उघडून पाहावे. नोकरीतील चार टक्के आरक्षण कोणाला, याची यादी तेथे आहे. अंधत्व आहे, बहिरेपणा आहे, अस्थिव्यंग आहे, स्वमग्नता आणि मानसिक आजार आहेत. रक्ताचे आजार नाहीत. एकवीस प्रकारांत सिकलसेल आहे आणि आरक्षणाच्या दारात नाही. ज्या अपंगत्वाचा सर्वाधिक भार वनवासी समाजावर आहे, नेमके तेच वगळले गेले. कोणी दुष्टपणाने हे केले असे म्हणण्याचे कारण नाही. मसुदा होत असताना सिकलसेल असलेले कुटुंब त्या खोलीत नव्हते, इतकेच.

आता पैशाचे पाहू. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये आहे, तोही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालील नाव असेल तर. २०१२ साली तो दोनशेवरून तीनशे झाला आणि तेथेच थिजला. मधल्या काळात केंद्रात सत्तांतर झाले, राज्यांत कितीतरी सरकारे आली-गेली, तीनशे रुपये जागचे हलले नाहीत. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२५मध्ये संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार केले. आंदोलनाच्या रेट्याखाली का होईना, केले. त्याचे श्रेय दिले पाहिजे. केंद्रातील दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाची २०२४-२५ची तरतूद सुमारे १२२५ कोटी होती. जनगणनेतील २ कोटी ६८ लाखांनी भागले तर माणशी वर्षाला ४५७ रुपये पडतात. इतर मंत्रालयेही दिव्यांगांवर खर्च करतात, हे धरूनसुद्धा हा आकडा घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा असा नाही.

राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखून ठेवावी, असा शासनाचा २०१८चा निर्णय आहे. कागदावर हा निर्णय उत्तम आहे. परंतु स्वउत्पन्न म्हणजे काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारकर. मोठ्या महानगरपालिकेचे पाच टक्के कोट्यवधींत जातात. डोंगरातील ग्रामपंचायतीत घरे कुडाची, नळयोजना नावापुरती. समजा, वर्षाचे उत्पन्न पन्नास हजार झाले, तर पाच टक्के म्हणजे अडीच हजार रुपये. त्यात गावातील आठ-दहा दिव्यांगांचे काय करायचे ते ग्रामसेवकाने ठरवावे. जेथे गरज अधिक तेथे पैसा कमी, हे या सूत्रातच शिवलेले आहे. ही रक्कम जिल्हा पातळीवर एकत्र करून दिव्यांगांच्या संख्येप्रमाणे वाटली, आणि पेसा ग्रामपंचायतींना जनजाती विकासाचा जो पाच टक्के थेट निधी मिळतो त्यात दिव्यांगांचा वाटा ठरवून दिला, तर नवा कर न बसविता बरेच साधेल.

तथापि, सारे दुखणे पैशाचे आहे असे मानण्याची चूक करू नये. ऑस्ट्रेलियाने २०१३ साली कायदा करून राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना सुरू केली. २०२४च्या मध्यास तिचे सुमारे साडेसहा लाख लाभार्थी होते आणि वर्षाचा खर्च चाळीस अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर गेला होता. आपल्या कल्पनेपलीकडची ही रक्कम. योजनेचे तत्त्व बाजाराचे. शासनाने व्यक्तीच्या नावे रक्कम मंजूर करावी आणि तिने बाजारातून सेवा विकत घ्यावी. सिडनी-मेलबर्नमध्ये हे चालले. उत्तर प्रांतातील दुर्गम वस्त्यांत, जेथे तेथील मूलनिवासी राहतात, तेथे मंजूर रक्कम कागदावर पडून राहू लागली, कारण शेकडो किलोमीटरच्या परिसरात फिजिओथेरपिस्टच नव्हता. विकत घेणारा होता, पैसा होता, विकणारा नव्हता. सप्टेंबर २०२३मध्ये तेथील शाही आयोगाचा बारा खंडांचा अहवाल आला, डिसेंबर २०२३मध्ये योजनेच्या पुनर्विलोकनाचा अहवाल आला. दुर्गम भागात बाजारावर विसंबून चालणार नाही, तेथे त्या त्या समाजाच्या साहाय्याने सेवा उभी करावी लागेल, हे त्या श्रीमंत देशाला अब्जावधी खर्चून उमगले. आपल्याकडेही थेट खात्यात पैसे जमा केले की शासनाचे कर्तव्य संपले, असे मानणारा एक अर्थशास्त्री वर्ग वाढतो आहे. त्याने ऑस्ट्रेलियाचे हे प्रकरण जरूर अभ्यासावे.

साहित्यवाटपाचेही असेच आहे. केंद्राची साहाय्यक उपकरणांची योजना १९८१पासून चालू आहे आणि कानपूरच्या शासकीय कारखान्यात तीनचाकी सायकली तयार होतात. ती सायकल डांबरी रस्त्यासाठी आहे. जेथे घरापासून पाण्यापर्यंतची वाट दगडांतून उतरते, तेथे ती महिनाभरात कोंबड्यांच्या खुराड्याचा आधार होते. टायर फुटला तर दुरुस्ती कोठे? याच देशात १९६८च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी एक पाय बनविला. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालायचा असे, त्याने उकिडवे बसता येत नसे, चिखलात चालता येत नसे. जयपूर फूट अनवाणी चालणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसासाठी घडला. त्या कारागिराला औपचारिक शिक्षण जेमतेम होते, पण माणूस कसा जगतो ते त्याने पाहिले होते. सातपुड्याच्या उतारावर चालेल असे साधन बनवायला असाच कोणी धडगावात जाऊन राहावा लागेल. निविदेतून ते साधन येणार नाही.

'विकलांग' शब्दाच्या जागी 'दिव्यांग' हा शब्द डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी सुचविला आणि तो रूढ झाला. शब्दामागे सद्भाव होता. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला, त्यामागेही सद्भाव होता. केंद्राच्या पुनर्वसन योजनेला २००३पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय यांचे नाव आहे. ज्यांनी रांगेतील शेवटच्या माणसाला धोरणाची कसोटी मानले, त्यांचे नाव लावलेली ही योजना चालते कशी? स्वयंसेवी संस्थेने प्रस्ताव द्यावा, संस्था नोंदणीकृत आणि अनुभवी असावी, तिच्याजवळ पात्र कर्मचारी असावेत, मग अनुदान. अर्थात जेथे संस्था तेथे अनुदान. आणि संस्था जेथे रस्ता, वीज आणि लेखापाल आहे तेथे. पाड्यावर संस्था नाही म्हणून योजना नाही. दीनदयाळजींच्या नावाची योजना रांगेच्या पुढच्या टोकालाच संपते, याची टोचणी त्यांचे नाव घेणाऱ्यांना लागणार नसेल तर कोणाला लागावी? आपल्या विचाराची सरकारे केंद्रात २०१४पासून आहेत. पूर्वसुरींच्या माथी खापर फोडण्याची सवलत आता फारशी उरलेली नाही.

समाजातील सज्जनशक्तीनेही आपल्या शिबिरांकडे एकदा परखडपणे पाहावे. समाजाला विराट पुरुष मानणाऱ्यांच्या परंपरेत हा विषय दानाचा होऊच शकत नाही. स्वतःच्या लुळ्या हाताला कोणी दान करीत नाही. तरीही वर्षातून एकदा बस करून डोंगरात जायचे, तपासणी करायची, चष्मे वाटायचे, संध्याकाळी परतायचे, असे पुष्कळदा घडते. फिजिओथेरपी एका दिवसात होत नाही. मेंदूच्या पक्षाघाताने जखडलेल्या मुलाचे सांधे रोज हलवावे लागतात, आईला ते शिकवावे लागते, महिन्याने पुन्हा येऊन तपासावे लागते. हे काम पाहुण्याचे नव्हे. तेथेच राहणाऱ्याचे आहे.

आणि असे माणूस तयार करण्याचा मार्ग महाराष्ट्राने जगाला दाखविलेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच, अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकविले. डॉक्टरांनीच करावयाचे काम खेडवळ बायकांच्या हाती देणे धोक्याचे, असे तेव्हाही सांगितले जात होते. ३९ गावांतील त्या प्रयोगात नवजात बालमृत्यू निम्म्याहून अधिक घटले, १९९९ साली 'लॅन्सेट'ने तो अभ्यास प्रसिद्ध केला, आणि २०११पासून देशभरातील आशा कार्यकर्तींच्या कामात ही पद्धत आली. दिव्यांगांच्या बाबतीत हाच विचार का होऊ नये? उत्तर तयार असते ते असे की, भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याने पुनर्वसनाचे व्यावसायिक काम करणे हा गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गुणवत्तेचा आग्रह योग्यच. पण नोंदणीकृत तज्ज्ञ डोंगरावर जात नाही आणि जो डोंगरावर आहे त्याची नोंदणी नाही, अशा अवस्थेत हा आग्रह कोणाचे रक्षण करतो? त्याच परिषदेने मे २०२१मध्ये समाजाधारित पुनर्वसनाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सुरू केला आहे. म्हणजे कायद्याची अडचणही सुटली. पावरी बोलणारी, बारावी झालेली मुलगी हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकते. पण मग तिला नेमायचे कोणत्या पदावर? आशासारखे, अंगणवाडी सेविकेसारखे दर चार-पाच पाड्यांमागे एक मानधनाचे पद निर्माण केल्याशिवाय तो अभ्यासक्रम शहरातल्या प्रमाणपत्रांच्या भिंतीवरच राहील. अंगणवाडीतील दिव्यांग बालकांसाठी केंद्राने नोव्हेंबर २०२३मध्ये चांगली कार्यपद्धती घालून दिली. तीही सेविकेच्या डोक्यावरील अगणित नोंदवह्यांत आणखी एक नोंदवही होऊन बसण्याची भीती आहे.

वैद्यकीय मंडळ डोंगरावर नेणे याहूनही सोपे आहे. त्याला नवा कायदा नको, नवे पद नको. तज्ज्ञांचे पथक, यंत्रे आणि संगणक घेऊन एक गाडी महिन्यातून एकदा धडगावला आणि एकदा मोलगीला, आठवडे बाजाराच्या दिवशी, ठरल्या वेळी पोहोचली पाहिजे. बाजाराला सारा डोंगर उतरतो, निरोप आपोआप पाड्यापाड्यांवर जातो. काठावरच्या पाड्यांसाठी नर्मदेत आरोग्य विभागाचा तरंगता दवाखाना वर्षानुवर्षे फिरत आला आहे. त्यावर वर्षातून दोनदा हे पथक बसविले तरी पुष्कळ होईल. जिल्हाधिकाऱ्याच्या एका आदेशाचे हे काम आहे. कार्यकर्त्यांनी त्याआधी पाडा-पाडा हिंडून याद्या तयार कराव्यात, कोणाला कोण आणणार ते ठरवावे, आणि पथक आले नाही तर त्याची तारखेसह नोंद ठेवावी.

डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते. ३ डिसेंबरचे हार तोवर पुरते सुकलेलेही नसतात. डोंगराळ तालुक्यांतील आमदारांनी तेथे एकच तारांकित प्रश्न विचारावा. गेल्या बारा महिन्यांत वैद्यकीय मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर, घाटाच्या वरच्या बाजूला, किती दिवस बसले, आणि तेथे किती दाखले दिले? उत्तर तालुकानिहाय, आकड्यांत मागावे.